प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: + हे चिन्ह आपल्या क्लासला कसं लावायचं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये ऑपरेटर ओव्हरलोडिंगबद्दलचे (म्हणजे + सारख्या चिन्हांना आपल्या क्लासपुरता अर्थ देण्याबद्दलचे) प्रश्न इतके होते की पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. कोडमधले इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.

प्रश्न: पायथनमध्ये मी ‘रक्कम’ नावाचा क्लास केला आहे. रुपये दशांशात ठेवले की चुका होतात असं वाचलं होतं, म्हणून आत फक्त पैसे पूर्णांकात साठवतो. पण ‘रक्कम(५००) + रक्कम(२५०)’ लिहिलं की टाइप-एरर येतो. संख्यांना, स्ट्रिंगला, लिस्टला + चालतं, मग माझ्या क्लासला का नाही?
(बीएस्सी संगणकशास्त्र, द्वितीय वर्ष, नांदेड)

उत्तर: पैसे पूर्णांकात ठेवलेत हे उत्तम केलंत. ०.१ + ०.२ चं उत्तर फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) नेमकं ०.३ येत नाही, आणि हिशेबात ते परवडत नाही.

आता + कडे. पायथनसाठी हे चिन्ह म्हणजे मेथड कॉल लिहायची आखूड रीत आहे. ‘अ + ब’ दिसलं की इंटरप्रीटर अ च्या क्लासमध्ये ‘डंडर ॲड’ ही मेथड शोधतो. तिच्या नावात ॲडच्या आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोर असतात. इंट, स्ट्रिंग आणि लिस्ट या तिन्ही क्लासमध्ये ती आधीपासून आहे, तुमच्या क्लासमध्ये नाही. फरक एवढाच. ती अशी लिहायची:

```
क्लास रक्कम:
    डेफ __इनिट__(सेल्फ, पैसे):
        सेल्फ.पैसे = पैसे

    डेफ __ॲड__(सेल्फ, दुसरी):
        इफ नॉट इजइन्स्टन्स(दुसरी, रक्कम):
            रिटर्न नॉटइम्प्लिमेंटेड
        रिटर्न रक्कम(सेल्फ.पैसे + दुसरी.पैसे)
```

शेवटच्या ओळीत नवीन ऑब्जेक्ट परत जातो. सेल्फला हात लावलेला नाही. ‘क = अ + ब’ लिहिल्यावर अ ची किंमत बदलली तर वाचणाऱ्याला ते कधीच अपेक्षित नसतं, आणि अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

‘नॉटइम्प्लिमेंटेड’ची ओळ बहुतेक उदाहरणांत गाळलेली असते, पण ओव्हरलोडिंगचा अर्धा व्यवहार तिच्यावर चालतो. ही किंमत परत आली की इंटरप्रीटर समजतो, ‘डावीकडच्याला हे जमत नाही.’ मग तो उजवीकडच्या क्लासमध्ये ‘डंडर आर-ॲड’ शोधतो आणि त्याला डावा ऑपरंड (चिन्हाच्या त्या बाजूची किंमत) देऊन पाहतो. तिथेही नकार आला तरच टाइप-एरर येतो. दोन्ही ऑपरंड एकाच क्लासचे असतील तर ही दुसरी पायरी होतच नाही. एक अपवाद आहे: उजवा ऑपरंड डाव्याच्या सबक्लासचा असेल आणि त्याने आर-ॲड स्वतः लिहिली असेल, तर पहिली संधी उजव्याला मिळते.

इथे दोन चुका वारंवार होतात. एक, नॉटइम्प्लिमेंटेड परत करण्याऐवजी ‘नॉटइम्प्लिमेंटेड-एरर’ रेझ करणं. नावं जवळची असली तरी काम वेगळं आहे: एरर रेझ झाला की उजव्या बाजूला विचारलंच जात नाही. दोन, इफमध्ये न बसणाऱ्या प्रकारासाठी काहीच परत न करणं. मग ‘अ + ५’ चं उत्तर मुकाट ‘नन’ (म्हणजे ‘काही नाही’) येतं आणि प्रोग्रॅम दहा ओळी पुढे भलत्याच ठिकाणी मोडतो.

आणखी एक. मेथड क्लासमध्येच लिहायला हवी. एखाद्या ऑब्जेक्टला नंतर डंडर ॲड चिकटवून उपयोग नाही, कारण चिन्हासाठीचा शोध ऑब्जेक्टला वगळून थेट क्लासपासून सुरू होतो.

प्रश्न: वरच्यासारखाच क्लास आहे, ॲडही लिहिली आहे. दोन रकमांची बेरीज होते, पण रकमांची लिस्ट ‘सम’ फंक्शनला दिली की ‘इंट आणि रक्कम यांना + चालत नाही’ असा एरर येतो. लिस्टमध्ये एकही इंट नाही, मी तपासलं.
(सॉफ्टवेअर प्रशिक्षणार्थी, नाशिक)

उत्तर: इंट ‘सम’मध्येच आहे. हे फंक्शन बेरीज ० पासून सुरू करतं, म्हणून पहिली पायरी ‘० + पहिली रक्कम’ अशी होते. इंटला रक्कम माहीत नाही, तो नकार देतो. मग तुमच्या क्लासमध्ये आर-ॲड शोधली जाते, ती सापडत नाही.

काही जण आर-ॲड लिहून त्यात ‘दुसरी ० असेल तर सेल्फ परत कर’ अशी सोय करतात. ती चालते, पण आम्ही ‘सम(यादी, रक्कम(०))’ असं सुरुवातीचं मूल्य द्यायला सुचवू. कारण रिकाम्या यादीत दिसतं. पहिल्या पद्धतीत रिकाम्या यादीची बेरीज साधा इंट ० येते, आणि पुढे कोणी तिच्यावर ‘.पैसे’ मागितले की प्रोग्रॅम थांबतो. ज्या दिवशी दुकानात एकही बिल झालं नाही, नेमका त्या दिवशीचा अहवाल फुटतो.

प्रश्न: रकमेच्या क्लासला गुणाकार आणि भागाकारही द्यावा का? १०० रुपये तीन भागीदारांत वाटले की एक पैसा कुठे तरी जातो.
(हिशेबाची प्रणाली लिहिणारे वाचक, इचलकरंजी)

उत्तर: चिन्ह लावण्याआधी त्या क्रियेला एकच, सर्वांना मान्य अर्थ आहे का हे पाहा. रक्कम अधिक रक्कम, रक्कम वजा रक्कम, रक्कम गुणिले पूर्णांक यांना तो आहे. रक्कम गुणिले रक्कम याला नाही. ‘चौरस रुपये’ हे एकक कुठल्या वहीत बसणार? तिथे नॉटइम्प्लिमेंटेडच परत करा. रक्कम भागिले रक्कम म्हणजे गुणोत्तर, उत्तर साधी संख्या. ते चालेल.

पायथनच्या तारखांच्या मॉड्यूलमध्ये हे फार नीट केलं आहे. तारीख वजा तारीख केली की कालावधी मिळतो, तारीख अधिक कालावधी केली की तारीख मिळते, आणि तारीख अधिक तारीख केली की टाइप-एरर. तो कोड लिहिणाऱ्यांनी बेरीज करता येत नव्हती म्हणून सोडलेली नाही. तिला अर्थ नाही म्हणून सोडली आहे.

रक्कम भागिले ३ हा खरा अवघड भाग. १०,००० पैशांना ३ ने भागलं की ३३३३ येतात आणि १ पैसा उरतो. / या चिन्हाला एकच उत्तर देता येतं, तीन भागीदारांचे वेगवेगळे हिस्से नाहीत. म्हणून इथे चिन्ह नको, ‘वाटणी’ नावाची मेथड लिहा. ती ‘डिव्हमॉड(१००००, ३)’ ने भागाकार आणि बाकी एकदम काढेल, बाकीइतक्या पहिल्या हिस्सेदारांना एकेक पैसा जास्त देईल, आणि ३३.३४, ३३.३३, ३३.३३ अशी यादी परत करेल. बेरीज बरोबर १००. जादा पैसा कोणाला द्यायचा हा व्यवहाराचा निर्णय आहे, आणि तो मेथडच्या नावासमोर, पॅरामीटरमध्ये दिसायला हवा. चिन्हाच्या आड लपायला नको.

रक्कम उणे असू शकत असेल (परतावा, नावे टाकलेली रक्कम) तर भाषा पाहून घ्या. पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला जातो, उणे १०,००० भागिले ३ म्हणजे उणे ३३३४ आणि बाकी २. सी++ शून्याच्या बाजूला छाटतं, उणे ३३३३ आणि बाकी उणे १. दोन्हींत जमाखर्च जुळतो, पण ‘बाकी नेहमी धन असते’ असं धरून लिहिलेला लूप सी++ मध्ये चुकतो.

प्रश्न: क्लासला डंडर ईक्यू लिहिली, दोन समान रकमा == ने समान दिसू लागल्या. पण त्याच क्षणापासून ऑब्जेक्ट सेटमध्ये जाईना, ‘अनहॅशेबल टाइप’ म्हणतो. आधी जात होता.
(अभियांत्रिकी विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: ही पायथनने मुद्दाम केलेली अडवणूक आहे. क्लासमध्ये ईक्यू लिहिली आणि हॅश (ऑब्जेक्टवरून एक संख्या काढणारी मेथड) लिहिली नाही, तर पायथन त्या क्लासची हॅश ‘नन’ करून टाकतो. सेट आणि डिक्शनरी आधी हॅशवरून जागा शोधतात, मग == ने खात्री करतात. जुनी हॅश ऑब्जेक्टच्या ओळखीवरून निघत होती. तीच राहू दिली असती तर दोन समान रकमा वेगवेगळ्या जागी जाऊन सेटमध्ये दोनदा दिसल्या असत्या, तेही एरर न देता.

उपाय: ज्या फील्डवर ईक्यू ठरते, नेमक्या त्याच फील्डवर हॅश काढा. एकापेक्षा जास्त फील्ड असतील तर त्यांचं टपल करून ‘हॅश’ फंक्शनला द्या. आणि ऑब्जेक्ट तयार झाल्यावर ती फील्ड बदलू देऊ नका. डिक्शनरीत की म्हणून ठेवलेल्या ऑब्जेक्टचं फील्ड बदललं की तो आतच असतो, पण शोधला तर सापडत नाही. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर ‘डेटाक्लास’ डेकोरेटरला ‘फ्रोझन = ट्रू’ द्या. ईक्यू, हॅश आणि बदलाला मज्जाव, तिन्ही एकदम मिळतात.

प्रश्न: ‘अ += ब’ आणि ‘अ = अ + ब’ एकच ना? फंक्शनला दिलेल्या लिस्टवर एकदा हे आणि एकदा ते वापरलं, तर निकाल वेगळा आला.
(बारावी, आयटी विषय, रत्नागिरी)

उत्तर: एकच नाहीत. += साठी पायथन आधी ‘डंडर आय-ॲड’ शोधतो. लिस्टमध्ये ती आहे आणि ती त्याच लिस्टच्या शेवटी घटक जोडते, त्यामुळे फंक्शनबाहेरची मूळ यादीही बदलते. ‘अ = अ + ब’ मध्ये नवी लिस्ट बनते आणि फंक्शनच्या आतलं अ हे नाव तिला लागतं. बाहेरची यादी तशीच राहते. इंट, स्ट्रिंग, टपल यांत आय-ॲड नाही, म्हणून तिथे += लिहिलं तरी साधी ॲडच चालते.

स्वतःच्या क्लासमध्ये आय-ॲड लिहिलीत तर शेवटी ‘रिटर्न सेल्फ’ विसरू नका. विसरलात तर ‘अ += ब’ नंतर अ मध्ये ‘नन’ उरतो. रकमेसारख्या न बदलणाऱ्या क्लासला आय-ॲड लिहूच नये.

प्रश्न: तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: सी++ मध्ये कोणते ऑपरेटर ओव्हरलोड होत नाहीत, आणि ऑपरेटर फंक्शन मेंबर असावं की फ्रेंड? पुस्तकात यादी आहे, कारण नाही.
(संगणक पदविका, तृतीय वर्ष, कराड)

उत्तर: न होणारे: . , .* , :: , ?: , आणि साइझऑफ, टाइपआयडी. टिंब किंवा दुहेरी अपूर्णविराम यांच्या उजवीकडे किंमत नसून नाव असतं, ते फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून देता येत नाही. ?: मध्ये दोनपैकी एकच बाजू चालवायची असते, फंक्शन कॉलमध्ये सगळी आर्ग्युमेंट आधी काढली जातात. एवढं कारण सांगितलंत तर यादी पाठ नसली तरी आठवेल.

याशिवाय: नवं चिन्ह तयार करता येत नाही, अग्रक्रम आणि ऑपरंडची संख्या बदलता येत नाही, आणि निदान एक ऑपरंड क्लास किंवा इनम असलाच पाहिजे. दोन इंटमधल्या + चा अर्थ कोणालाही बदलता येत नाही, आणि ते फार बरं आहे.

मेंबर (क्लासच्या आतलं फंक्शन) की फ्रेंड (बाहेरचं, पण क्लासची प्रायव्हेट फील्ड पाहू शकणारं)? = , [] , () , -> ही चार मेंबरच असावी लागतात, इथे निवड नाही. += सारखी, डाव्या ऑब्जेक्टला बदलणारी चिन्हं मेंबर करा. +, - , == सारखी दोन्ही बाजूंना समान वागवणारी चिन्हं क्लासबाहेर ठेवा. समजा ‘रक्कम’ला इंट घेणारा कन्स्ट्रक्टर आहे आणि तो एक्स्प्लिसिट नाही, म्हणजे इंटचं रूपांतर आपोआप होऊ देतो. + मेंबर असेल तर ‘अ + २’ चालतं, कारण २ आर्ग्युमेंट आहे आणि त्याचं रूपांतर होतं. ‘२ + अ’ चालत नाही, कारण ज्या ऑब्जेक्टवर मेंबर बोलावायचा त्याचं रूपांतर होत नाही. बाहेरच्या फंक्शनला दोन्ही आर्ग्युमेंटच असतात, म्हणून दोन्ही चालतात. फ्रेंड हे नातं त्यानंतरचं, प्रायव्हेट फील्ड हवीच असतील तर. += मेंबर लिहून ठेवलीत तर + ला फ्रेंड व्हायची गरजच पडत नाही: डावा ऑपरंड व्हॅल्यूने (म्हणजे त्याची प्रत) घ्या, त्यावर += करा, तोच परत करा. तीन ओळींत काम होतं.

उत्तरपत्रिकांत आणि खऱ्या कोडमध्येही दिसणाऱ्या चुका अशा. + मधून फंक्शनच्या आत तयार केलेल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स (प्रत नव्हे, त्याच ऑब्जेक्टचं दुसरं नाव) परत करणं: फंक्शन संपलं की तो ऑब्जेक्ट गेलेला असतो, प्रोग्रॅम कधी बरोबर उत्तर देतो, कधी कचरा. + ने व्हॅल्यूच परत केली पाहिजे. दुसरी, पॅरामीटर कॉन्स्ट रेफरन्स न ठेवता नुसता रेफरन्स ठेवणं: ‘अ + ब’ कंपाइल होतं, ‘अ + (ब + क)’ होत नाही, कारण कंसातलं उत्तर तात्पुरता ऑब्जेक्ट असतो आणि साध्या रेफरन्सला तो बांधता येत नाही.

छपाईच्या << ला डावीकडे ओ-स्ट्रीम (सीआउटसारखा छपाईचा प्रवाह) असतो, आणि तो क्लास आपला नाही, म्हणून हे फंक्शन क्लासबाहेरच लिहावं लागतं. त्याने स्ट्रीमचा रेफरन्स परत करायचा. व्हॉइड ठेवलं तर ‘सीआउट << अ’ चालेल पण ‘सीआउट << अ << ब’ नाही. << चा अग्रक्रम + पेक्षा खाली आणि == पेक्षा वर आहे. म्हणून ‘सीआउट << अ + ब’ ला कंस नको, ‘सीआउट << (अ == ब)’ ला हवाच.

आणि ++ चं कोडं: आधी येणारं आणि मागून येणारं यांना वेगळं करण्यासाठी मागच्याला एक नाममात्र इंट पॅरामीटर देतात. त्याची किंमत वापरायची नसते. आधी येणारं ++ वाढवलेल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स देतं, मागून येणारं जुनी प्रत व्हॅल्यूने देतं.

प्रश्न: सी++ मध्ये घात काढायला ^ ओव्हरलोड केलं. ‘अ ^ २ + १’ चं उत्तर चुकतं.
(ठाणे)

उत्तर: अग्रक्रम चिन्हाबरोबर येतो, तुमच्या अर्थाबरोबर नाही. ^ हे मुळात बिटांसाठीचं चिन्ह, + च्या बरंच खाली. तुमची ओळ ‘अ ^ (२ + १)’ अशी वाचली जाते. प्रत्येक वेळी कंस लावण्यापेक्षा ‘घात(अ, २)’ लिहा.

तशीच && आणि || ही दोन चिन्हं. भाषेत ती डावीकडेच निकाल लागला तर उजवीकडे पाहत नाहीत. ओव्हरलोड केली की ती फंक्शन होतात आणि दोन्ही बाजू चालतात. ‘फाइल उघडली आहे का && पहिली ओळ वाच’ अशा कोडमध्ये बंद फाइल वाचायचा प्रयत्न होईल. क्लासला खरं-खोटं ठरवता यायला हवं असेल तर ‘एक्स्प्लिसिट ऑपरेटर बूल’ लिहा. पायथनने ‘अँड’ आणि ‘ऑर’ ओव्हरलोड करूच दिलेले नाहीत, तिथे फक्त डंडर बूल आहे.

प्रश्न: आमच्या क्लासचा < ऑपरेटर एसटीडी-सॉर्टला (सी++ च्या तयार क्रमवारी फंक्शनला) वापरतो. चाचणीत व्यवस्थित, ग्राहकाकडे मोठ्या यादीवर प्रोग्रॅम कोसळतो.
(कोल्हापूर)

उत्तर: < च्या आत तुम्ही <= ने तुलना केली आहे का पाहा. सॉर्टची अट अशी की समान घटकांसाठी < ने ‘नाही’ म्हणायला हवं. तो ‘हो’ म्हणाला की आतला लूप ‘पुढचा घटक अजून लहानच आहे’ असं समजून सरकत राहतो आणि यादीबाहेर जातो. जीसीसी या सी++ कंपायलरच्या लायब्ररीत १६ पर्यंतच्या घटकांना वेगळी, साधी पद्धत लागते, म्हणून छोट्या चाचणीत हे लपतं. सगळे घटक समान असलेली शंभर जणांची यादी द्या, लगेच उघडं पडण्याची शक्यता मोठी.

सी++२० वापरत असाल तर <=> हे त्रिमार्गी चिन्ह ‘डिफॉल्ट’ लिहून द्या. <, <=, >, >=, ==, != सहाही मिळतात. पण ते फील्ड ज्या क्रमाने लिहिलीत त्याच क्रमाने तुलना करतं. तारखेच्या क्लासमध्ये आपल्या सवयीने दिवस, महिना, वर्ष असं लिहिलंत तर १ डिसेंबर हा २ जानेवारीच्या आधी लागेल. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा. आणि <=> स्वतः लिहिलंत तर == आपोआप मिळत नाही, ते वेगळं द्यावं लागतं.

प्रश्न: जावामध्ये ही सोयच नाही. बिग-डेसिमलच्या (अचूक दशांश संख्यांच्या क्लासच्या) बेरजा ‘.ॲड’ ने लिहून कोड वाचवत नाही. कॉटलिनमध्ये गेलं की प्रश्न सुटतो का?
(पुणे)

उत्तर: बराचसा. जावाच्या रचनाकारांनी सी++ मधला गैरवापर पाहून ही सोय जाणूनबुजून वगळली. + फक्त संख्या आणि स्ट्रिंगला ठेवला, तोही कंपायलरच्या आतून. त्यामुळे जावात चिन्हं फसवत नाहीत असं मात्र नाही. == ऑब्जेक्टची ओळख पाहतं, किंमत नाही. इंटिजर क्लासचे उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट साठवलेले असतात, म्हणून १२७ च्या दोन इंटिजरना == ‘हो’ म्हणतं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ ला ‘नाही’.

कॉटलिनमध्ये ‘ऑपरेटर’ हा शब्द लावून ‘प्लस’, ‘मायनस’, ‘टाइम्स’ अशा ठरलेल्या नावांची फंक्शन लिहायची, आणि बिग-डेसिमलसाठी ती लायब्ररीत तयार आहेत. ‘एकूण + कर’ सरळ लिहिता येतं. दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. == हे इक्वल्स बोलावतं आणि बिग-डेसिमलचं इक्वल्स दशांशस्थळंही मोजतं. म्हणून २.० आणि २.०० हे == ने असमान, पण <= आणि >= दोन्ही ‘हो’ म्हणतात, कारण ती चिन्हं कम्पेअर-टू वर चालतात. समानतेसाठी ‘कम्पेअर-टू शून्य आलं का’ हेच पाहा. दुसरं, / मध्ये उत्तराची दशांशस्थळं भाज्यावरून ठरतात आणि निमेनिम असलं की सम अंकाकडे झुकतं. भाज्य ‘१०’ असा दशांशाविना असेल तर १० / ४ चं उत्तर २ येतं. भागाकारापुरतं तरी ‘डिव्हाइड’ लिहून दशांशस्थळं आणि राउंडिंगची पद्धत स्वतः द्या.